काला गोलोरित्झे : उतरताना नव्हे, परतताना दम लागतो

प्रश्न : जूनमध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर जातोय. काला गोलोरित्झेचा किनारा पाहायचाय. सोबत बारा वर्षांचा मुलगा आहे. वाट त्याला झेपेल का? नाहीतर बोटीने जावं का?

उत्तर : बोटीचा विचार सोडा. इथे बोटीला किनाऱ्याला लागायची परवानगी नाही, लांबूनच बघून परतावं लागतं. चालतच जा, पण तिकीट आधी ऑनलाइन काढा. दिवसाला फक्त 250 जणांना प्रवेश आणि माणशी 7 युरो आकारतात. ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

बाउनेई गावातून गाडीने गोल्गोच्या पठारावर जायचं. तिथल्या सु पोर्तेद्दू या जागेपासून पायवाट सुरू होते. ती साडेतीन किलोमीटरची असली, तरी साधारण साडेचारशे मीटर खाली उतरते. उतरायला तासभर, चढायला दीड ते दोन तास धरा. चालायची सवय असलेल्या मुलाला ती जड नाही. वाटेवर सुटे दगड आहेत आणि पावलांनी गुळगुळीत झालेला चुनखडक घसरतो, त्यामुळे चपला नकोत. पकड असलेले बूट घाला.

खरी फसगत पाण्याची होते. वाटेत किंवा किनाऱ्यावर प्यायचं पाणी मिळत नाही. लोक आणलेलं सगळं पाणी खाली किनाऱ्यावरच संपवतात आणि भर दुपारी कोरड्या घशाने चढू लागतात. माणशी किमान दोन लिटर घ्या आणि निम्मं परतीसाठी बाजूला ठेवा. मीठ घातलेलं काहीतरी खायला असू द्या. शौचालयही खाली नाही.

सकाळी लवकर उतरा. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर मागच्या कड्याची सावली पसरते आणि पाण्याचा तो प्रसिद्ध निळा रंग मावळतो. चुनखडकातून गोड्या पाण्याचे झरे समुद्रात मिसळतात, म्हणून काठाजवळ मध्येच एकदम गार लागतं. मुलाला आधीच सांगून ठेवा. पायाखाली वाळू कमी, गोटेच जास्त. पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच.

प्रश्न : आठवण म्हणून दोन-चार गोटे आणले तर?

उत्तर : अजिबात नाही. सार्डिनियात वाळू, गोटे, शिंपले उचलण्याला 2017च्या कायद्याने 500 ते 3000 युरो दंड आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. हा किनारा 1962 साली दरड कोसळून तयार झाला. इथे नवे गोटे वाहून आणणारी मोठी नदी नाही, गेलेला गोटा गेलाच.