‘तुमच्या खात्यात नवीन लॉगिन’ अशी मेल खरी की खोटी, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, ‘अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झालंय, लगेच तपासा’ अशा मेलमधली खोटी कशी ओळखायची. मी म्हणतो, ओळखायचीच कशाला? मला ओळखता येते, या घमेंडीतच मी बुडालो.

त्या संध्याकाळी नव्या फोनवर सगळी खाती सुरू केली होती, त्यामुळे लॉगिनच्या दोन-तीन खऱ्या सूचना येऊन गेल्याच होत्या. रात्री ११ ला आणखी एक आली. लोगो तोच, रंग तोच, भाषा चोख, खाली बटण: ‘हा मी नव्हतो’. मी अंथरुणात, झोपेला आलेलो. फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. पत्ता बघायचा तर त्या नावावर बोट दाबावं लागतं, ते कोण दाबतंय! बटण दाबलं. पान उघडलं तर माझा ईमेल आधीच भरलेला. वाटलं, हे आपल्याला ओळखतंय म्हणजे खरंच असणार. (तो ईमेल लिंकच्या शेपटालाच चिकटवलेला असतो, हे नंतर कळलं.)

आता खरी जखम. पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड साठवून ठेवणारं आणि आपोआप भरणारं ॲप) पासवर्ड भरला नाही. रोज न सांगता भरणारा तो गप्प बसला, कारण डोमेन, म्हणजे साइटचं पत्त्यातलं नाव, वेगळं होतं. त्या रात्री अक्कल शाबूत होती ती एकट्या त्याचीच. आणि मी? ‘नव्या फोनवर याचं काहीतरी बिनसलंय’ म्हणत त्याला शिव्या घातल्या, त्याच्यातूनच पासवर्ड कॉपी केला आणि स्वतःच्या हाताने पेस्ट केला. मग ओटीपी मागितला, तोही दिला. लगेच खरी साइट उघडली, सगळं ठीकठाक. मी झोपलो.

सकाळी ओळखीच्या लोकांना माझ्या नावाने पैसे मागणाऱ्या मेल गेलेल्या. पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं, वाटलं सुटलो. नऊ दिवसांनी सेटिंग्ज चाळताना भामट्याने लावून ठेवलेला एक फिल्टर सापडला: ‘सुरक्षा’ शब्द असलेली प्रत्येक मेल थेट कचऱ्यात. म्हणजे खरी सूचना आली असती तरी मला दिसलीच नसती. कोणी फसलं असेल तर पासवर्ड बदलून थांबू नका. फिल्टर, फॉरवर्डिंग आणि रिकव्हरीचा नंबरही बघा.

यावर माझा दादा काय म्हणाला? “स्पेलिंग तपासलं असतंस तर कळलं असतं. शिकलेला माणूस असा कसा फसतो?” हे चार लोकांत, आणि पुढे वर्षभर. त्या मेलमध्ये स्पेलिंगची एकही चूक नव्हती, हे त्याला आजही पटत नाही. आता तर निर्दोष भाषा कुठलंही मशीन लिहून देतं. साइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचंही तेच. कुलूप म्हणजे वाटेत कोणी ऐकत नाही, एवढंच. समोर कोण बसलंय ते त्यातून कळत नाही. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह ॲड्रेस बारमधून काढूनच टाकलं.

आणि शिकलेली माणसं? मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना अशीच मेल आली होती: युक्रेनमधून कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, बदला. तांत्रिक मदत करणाऱ्याने उत्तरात ‘ही मेल खरी आहे’ असं लिहिलं. खोटी लिहायचं होतं, असं तो नंतर म्हणाला. गंमत म्हणजे त्याने गुगलचा खरा पत्ताही सोबत दिला होता. दाबली गेली ती मूळ मेलमधलीच लिंक.

म्हणून मेलच्या परीक्षेत पडूच नका. तिच्यातल्या कशालाही हात न लावता ॲप उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा आणि खात्याच्या सुरक्षा पानावर जा. लॉगिन झालं असेल तर तिथे नोंद असते. नसेल तर मेल गेली खड्ड्यात.

तरी लिंकचा पत्ता वाचायचाच असेल तर पहिल्या एकेरी स्लॅशच्या (/) आधीचा भाग उजवीकडून वाचा. ‘गुगल.कॉम.अमुकतमुक.कॉम’ हे दुकान अमुकतमुकचं, गुगलचं नव्हे. पण यावरही विसंबू नका. एप्रिल २०२५ मध्ये गुगलच्या खऱ्या नो-रिप्लाय पत्त्याची, गुगलचीच डिजिटल सही असलेली फसवी मेल फिरत होती. गुगलकडून आलेली सूचनाच भामट्यांनी जशीच्या तशी पुढे ढकलली होती.

हो, एक राहिलंच. सगळ्याच सेवांमध्ये लॉगिनची नोंद दाखवणारं पान नसतं. तिथे शंका आली तर आपल्या वाटेने आत जाऊन पासवर्ड बदलून मोकळं व्हायचं. आणि जिथे पासकीची (पासवर्डऐवजी फोनमध्येच राहणारी, बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालणारी किल्ली) सोय आहे तिथे ती घ्या. डोमेन वेगळं असेल तर ती चालतच नाही, आणि माझ्यासारख्या हट्टी माणसाला कॉपी-पेस्टही करता येत नाही.

गेल्या महिन्यात दादाने एक स्क्रीनशॉट पाठवला: “ही खरी का रे?” मी लिहिलं, “स्पेलिंग बघ.” मग दहा मिनिटांनी फोन करून त्याला ॲप उघडायला लावलं. नोंद नव्हती.