शंका-समाधान : खैराचा काढा

प्रश्न : दापोलीजवळ आमच्या बांधावर एक काटेरी झाड आहे. कुणी खैर म्हणतं, कुणी बाभूळ. तोंड आल्यावर गुळण्यांसाठी त्याच्या फांद्यांचा काढा लोखंडी कढईत केला, तर तो शाईसारखा काळा झाला. काय चुकलं?

उत्तर : आधी झाड ओळखा. बाभळीचे काटे सरळ आणि पांढरट, फुलं पिवळ्या गोंड्यांची, शेंग मण्यांच्या माळेसारखी. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वळलेले आणि जोडीने येतात. पावसाळ्यात फिकट पिवळे तुरे धरतात, शेंग चपटी व तपकिरी असते.

काळ्या रंगाला कढई कारण. टॅनिन (झाडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आले की शाईच होते (जुनी शाई अशीच करत). तो काढा टाकून द्या. स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या.

दुसरी चूक फांद्यांची. काथ, म्हणजे खैराचा तुरट अर्क, निघतो तो खोडाच्या लाल गाभ्यातून. कोवळ्या फांदीत बहुतेक पांढरं लाकूडच असतं आणि त्यात फारसं काही नसतं. गाभ्यासाठी झाड तोडू मात्र नका. मालकीच्या जमिनीतला खैरही 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगी लागते. काष्ठौषधींच्या दुकानात खदिराच्या (म्हणजे खैराच्याच) ढलप्या मिळतात, त्या आणा. विड्याच्या पानाला लावतात तो काथ यासाठी घेऊ नका, त्यात भेसळ फार.

10 ग्रॅम ढलप्या जाडसर कुटून 160 मिलि पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मंद आचेवर, झाकण न ठेवता, 40 मिलि उरेपर्यंत आटवा आणि गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झाल्यावर काढा गढूळ होऊन तळाशी गाळ बसतो. तो नासला असं समजू नका; कॅटेचिन हे गाभ्यातलं तुरट द्रव्य गरम पाण्यात विरघळतं, गारात खाली बसतं. काथही याच गुणावर काढतात. ढवळून कोमट करून वापरा. दिवसातून दोन-तीनदा, मिनिटभर तोंडात धरून थुंका. रोज ताजा करा.

पोटात घ्यायचा तर वैद्यांना विचारूनच, कारण तुरट रसाने बद्धकोष्ठ होतो आणि लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, विशेषतः तंबाखू-सुपारी खाणाऱ्याला, तर गुळण्या करत बसू नका. दंतवैद्यांना दाखवा.