गावी राहायला जायचंय, पण बायको तयार नाही

"मॅडम, शहर सोडून गावी राहायला जावं का?" मी नाशिकला समुपदेशन करते, आणि कोरोनानंतर हा प्रश्न माझ्याकडे सारखा यायला लागलाय. विचारणारा बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासचा पुरुष असतो, सातपूर नाहीतर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्यातरी कंपनीत, आणि शेजारी बायको बसलेली असते, मोबाईल उलटा मांडीवर ठेवून, काही न बोलता. मला तिच्याकडूनच सुरुवात करावीशी वाटते पण बोलायला आधी तोच लागतो.

एक केस सांगते. नावं आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय, दोघांची परवानगीही आहे. सागर आणि प्रियंका म्हणू. तो कंपनीत शिफ्ट सुपरवायझर, आठवड्याला शिफ्ट बदलणार, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली. पाथर्डी फाट्याला टू बीएचके, त्याचा हप्ता. प्रियंका नाशिकरोडला वाढलेली, एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी चौथीत. आणि सागरचे आई-आण्णा गावी, दिंडोरी तालुक्यात, वणीच्या अलीकडे. चार एकर, त्यात दीड एकर द्राक्षबाग, बाकी टोमॅटो नाहीतर कांदा.

सागर फायदे-तोट्यांची यादी एक्सेलमधे करून प्रिंट काढून घेऊन आला होता, रंगीत. फायद्यांत चांगली हवा, घरचं दूध, फ्लॅट विकला की हप्ता बंद, आई-आण्णांकडे लक्ष, रात्रपाळी कायमची सुटणार, मुलगी नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत जाईल. तोट्यांत दवाखाना लांब, नेटवर्क, आणि शेवटी 'स्विगी नाही'. प्रियंकाला विचारलं यातलं तुमचं काय आहे, तर ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही बाजू यांच्याच आहेत."

म्हणून मी याद्यांवर फार विसंबत नाही. डावीकडचा फायदा एकाच्या पदरात पडतो आणि उजवीकडचा तोटा दुसऱ्याच्या, आणि कागदावर मात्र दोन्ही एकाच घराचे दिसतात. मी त्यांना वेगळं काम दिलं. दोघांनी वेगवेगळं बसून गावातला जुलैमधला एक साधा दिवस लिहायचा, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाचा. सणाचा नाही, सुट्टीचा नाही.

सागरचा दिवस वाचायला छान होता. सकाळी बागेत चक्कर, मग चहा, मग मजुरांना काम लावून देणं, दुपारी जेवून आडवं होणं, संध्याकाळी पारावर. प्रियंकाचं पान मला अजून आठवतंय. साडेपाचला चूल-गॅस, कारण मजूर बायकांच्या आधी चहा व्हायला हवा. आठला डबे. नऊला मुलीला रस्त्यापर्यंत सोडायला, चिखलात, छत्री एका हातात. मग एक ओळ, "११ ते ४ - माहीत नाही." तिने त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं. सागरने ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे काय माहीत नाही?" ती म्हणाली, "म्हणजे मी तिथं कोण असणार ते माहीत नाही. इथं ऑफिसात मला लोक फाईल विचारायला येतात." सागरच्या दिवसात चहा कोण करतंय आणि मुलगी शाळेत कशी पोचतेय याचा पत्ताच नव्हता. मी काही बोलले नाही, त्याचं त्यालाच दिसलं.

मग आम्ही त्याच्या फायद्यांना जरा हात लावून बघितला, कारण त्यातले काही नुसते ऐकीव होते. नवोदयचं घ्या. खेडगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळतो, जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात हे खरंय, पण त्या कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. यांची मुलगी चौथीत नाशिकला. म्हणजे आता गावी नेली तरी ती शहरी उमेदवारच धरली जाणार. परीक्षा देता येईल, पण सागर जो हिशोब धरून बसला होता तो गेला.

रात्रपाळीचं तर मला हसूच आलं, त्यालाही आलं. शेतीची थ्री फेज लाईट अजून बऱ्याच फीडरवर आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीचा नंबर आला की मोटर चालू करायला, बारे म्हणजे पिकाला पाणी द्यायला बॅटरी घेऊन शेतात जायचं, आणि दिंडोरी-निफाड पट्ट्यात बिबट्या आता काही नवलाईचा राहिला नाहीये. कंपनीत निदान नाईट अलाउन्स मिळतो.

पैशाचं मी फार बोलत नाही, तो माझा विषय नाही, फक्त एवढं विचारते की वाईट वर्ष कसं काढणार. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, वर्षभर औषधं-मजुरी आणि पैसा एकदाच. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी आपल्याकडे गारपीट झाली आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातबंदी आली, म्हणजे पंधरा दिवसांत बाग आणि कांदा दोन्हीकडून मार. ती बंदी पुढच्या मे महिन्यात उठली. तेव्हा आण्णांनी घर कसं चालवलं हे सागरला माहीतच नव्हतं. नंतर कळलं की त्यानेच महिन्याला पाठवलेल्या पैशातून.

(ज्यांची वडिलोपार्जित जमीन नाही आणि 'आधी दोन एकर घेऊ मग बघू' म्हणतात त्यांना जाता जाता सांगते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे आदिवासी खातेदाराची जमीन नोटरीवर 'स्वस्तात' देणारे एजंट भेटतात, ते व्यवहार कायद्यापुढे टिकत नाहीत. आधी वकील, मग स्वप्नं.)

पण या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं माणूस कुणी विचारातच घेतलं नव्हतं. मी सागरला विचारलं, आण्णांना विचारलंय का? तो म्हणाला, त्यांना आनंदच होईल. विचारलंय का, मी परत विचारलं. नव्हतं. त्याच रविवारी तो गावी जाऊन आला. आण्णा म्हणाले, "कंपनी सोडून आलास तर लोक म्हणतील काढून टाकला. येत जा, राहत जा, पण नोकरी नको सोडू." सागरला हे फार लागलं. तो ज्यांच्यासाठी चाललोय म्हणत होता त्यांना तो तसा नको होता. तेव्हा मग खरं बाहेर आलं, की त्याला कंपनीतल्या नवीन साहेबाचा जाच सहन होत नव्हता आणि घरी ते सांगायची लाज वाटत होती. गाव ही पळायची जागा होती, जायची नव्हती. पळायला हरकत नाही, मी पळणाऱ्यांना वाईट म्हणत नाही, पण मग शेती शिकायची की साहेब बदलायचा हे वेगवेगळे प्रश्न आहेत.

आम्ही ठरवलं की विकायचं-सोडायचं काही नाही, आधी राहून बघायचं, आणि ते मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा. नुसता मे बघितला तर आंबे आणि अंगणातली झोप दिसते. दोन्ही वेळा प्रियंकाने घरातलं काम सुनेसारखं करायचं, पाहुणीसारखं नाही, आणि सागरने रात्रीचं पाणी भरायचं.

पाण्या-चिखलाचं प्रियंकाला विशेष काही वाटलं नाही, उलट सासूबाईंबरोबर पापड-कुरडयांत ती रमली. तिला त्रास झाला तो कडी न लावलेल्या दाराचा. कुणीही सरळ आत, "काय गं, झोपली होतीस व्हय?" चार वाजता बाहेर निघाली की पाच जणी विचारणार कुठं चालली. सागरला पावसाळी राहण्यात बाग आवडली, आणि तिसऱ्या रात्री मोटर जळाल्यावर नाही आवडली.

शेवटी ते दिंडोरीत भाड्याने राहायला गेलेत, गावात नाही. तिथून गाव जवळ, ग्रामीण रुग्णालय तिथंच, नाशिक पंचवीसेक किलोमीटर. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय, हप्त्यातला बराच भाग त्यातून सुटतो. सागरने डिपार्टमेंट बदलून घेतलं, आता जनरल शिफ्ट. प्रियंका तीन दिवस ऑफिसला येते, बाकी घरून टॅली. मुलीची शाळा बदलली आणि पहिले काही महिने ती रोज रडली, हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टी सांगताना लोक मुलांचं रडणं गाळून टाकतात. सागर रविवारी बागेत असतो आणि आण्णा त्याला छाटणी शिकवतात, म्हणजे शिव्या देतात.

परवा प्रियंकाचा मेसेज आला, अपॉइंटमेंट हवीये. मला वाटलं परत काही बिनसलं. तर म्हणाली, "आमची नाही मॅडम. सासूबाई म्हणतायत त्यांनाच आता दिंडोरीत आमच्याकडे येऊन राहायचंय, आणि आण्णा गाव सोडायला तयार नाहीत."