व्हीएममधलं घड्याळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: केव्हीएमवरचं (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) लिनक्स व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, रात्री पॉज करतो. सकाळी सुरू केलं की आत कालचीच वेळ असते. क्रोनी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू आहे, तरी दुपारपर्यंत घड्याळ मागेच!

पॉज केलेल्या व्हीएमला मधली रात्र उलटून गेल्याचं कळतच नाही. क्रोनीला फरक दिसतो, पण नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘makestep 1 3’ अशी ओळ असते. म्हणजे फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मारून वेळ जुळवायची, पण सुरुवातीच्या तीन अपडेटपुरतीच. ते तीन तर बूट झाल्यावरच संपले. मग क्रोनी घड्याळ जरा वेगाने पळवतो. मूळ सेटिंगमध्ये या वेगाची मर्यादा अशी, की तासाला पाचच मिनिटं भरून निघतात. आठ तासांची रात्र भरायला चार दिवस लागतील! त्या ओळीत 3 च्या जागी -1 लिहा, म्हणजे उडी कधीही मारता येईल. डेटाबेस सर्व्हरवर मात्र मी असं करणार नाही, कारण उडी मागेही पडू शकते आणि मग नोंदींचा क्रम बिघडतो. तिथे व्हीएम सुरू केल्यावर ‘chronyc makestep’ ही कमांड हाताने चालवा.

प्रश्न: व्हीएमवेअर टूल्सचं (व्हीएमच्या आत चालणारा व्हीएमवेअरचा मदतनीस प्रोग्रॅम) वेळेचं सिंक आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत), दोन्ही चालू ठेवलं तर जास्त सुरक्षित ना?

नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. घड्याळ किती पुढे-मागे धावतं याचा अंदाज एनटीपी तासन् तास निरीक्षण करून बांधतो. मधेच दुसऱ्याने काटा ढकलला की तो हिशेब चुकतो. टूल्सचं ठरावीक अंतराने होणारं सिंक बंद करा. तरीही स्नॅपशॉटवर (व्हीएमच्या जतन केलेल्या जुन्या स्थितीवर) परतताना किंवा व्हीमोशननंतर (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवल्यावर) टूल्स होस्टची, म्हणजे व्हीएम ज्या मशीनवर चालतं तिची, वेळ घेतातच. म्हणून आधी होस्टवर एनटीपी नीट लावा. हे फार ठिकाणी राहून जातं, आणि मग सगळ्या व्हीएम एकदम चुकतात.

प्रश्न: व्हर्च्युअलबॉक्समधलं (व्हीएम चालवायचं आणखी एक सॉफ्टवेअर) लिनक्स बरोबर साडेपाच तास पुढे आहे.

व्हीएमच्या हार्डवेअर क्लॉकमध्ये (बूट होताना लिनक्स वेळ जिथून वाचतं त्या घड्याळात) भारतीय वेळ आहे आणि लिनक्स तिला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वर साडेपाच तास मिळवतं. व्हीएमच्या सेटिंगमधला हार्डवेअर क्लॉक यूटीसीत ठेवण्याचा पर्याय चालू करा.

प्रश्न: आमच्या कंपनीने वेळ कुठून घ्यावी?

सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरवरून, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरवरून. प्रत्येक व्हीएमला वेळ घ्यायला बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवू नका. कंपनीच्या आत दोन-तीन एनटीपी सर्व्हर उभारा, शक्यतो व्हीएमवर नव्हे, प्रत्यक्ष मशीनवर.