परदेशातली चालू कंपनी घेताय किंवा विकताय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ब्रिटनमधली एक छोटी लिमिटेड कंपनी विकायला आहे, आयटी सपोर्टचं काम करते, थोडीच माणसं आहेत. मालक म्हणतो सगळे शेअर्स घ्या, एका फॉर्मवर सही करा, बँक अकाउंटसकट कंपनी तुमची. मी तिथला नागरिक नाही. हे कायदेशीर आहे का आणि खरंच इतकं सोपं असतं का?

उत्तर: कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये शेअरहोल्डर किंवा डायरेक्टर व्हायला नागरिकत्व लागत नाही, तिथे राहणंही सक्तीचं नाही. फक्त १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या डायरेक्टरला कंपनीज हाउसकडे, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे, ओळख पडताळून घ्यावी लागते. आणि संरक्षण, एआय, डेटा इन्फ्रास्ट्रक्चर अशी १७ संवेदनशील क्षेत्रं आहेत, त्यातलं ठराविक काम करणारी कंपनी असेल तर २०२१ च्या कायद्यानुसार सौद्याआधी सरकारची परवानगी हवी, नाहीतर सौदाच रद्दबातल. आयटी सपोर्ट म्हणजे नक्की कोणाला सपोर्ट देतात हे त्यासाठी विचारा, गिऱ्हाईक सरकारी खातं निघालं तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फॉर्मचं तो खरं सांगतोय, स्टॉक ट्रान्सफर फॉर्म असतोच छोटासा. किंमत १००० पौंडांच्या वर असेल तर ०.५ टक्के स्टॅम्प ड्युटी ३० दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याला, भरायची, मग कंपनीच्या सभासदांच्या, म्हणजे शेअरहोल्डरांच्या, रजिस्टरमध्ये तुमचं नाव चढलं की झालात मालक. गोची तिथे नाहीच. गोची अशी की शेअर्स घेतलेत म्हणजे कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो, त्यामुळे तिचा थकलेला टॅक्स, काढून टाकलेल्या माणसाने लावलेली केस, दोन वर्षांपूर्वी कोणा गिऱ्हाइकाला दिलेली लेखी हमी, सगळं जसंच्या तसं कंपनीच्या अंगावर राहतं आणि आता ती कंपनी तुमची असते.

आजच करण्यासारखं एक काम सांगतो, फुकट आहे. कंपनीज हाउसच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका. फाइलिंग हिस्ट्री उघडा, अकाउंट्स दरवर्षी वेळेत भरलेत का, डायरेक्टर सारखे सारखे बदललेत का ते बघा. मग चार्जेस नावाचा टॅब दिसतो का बघा. तिथे कर्जासाठी कंपनीची मालमत्ता कोणाकडे तारण आहे ते दिसतं, पुढे ‘सॅटिस्फाइड’ लिहिलेलं असेल तर फिटलं, ‘आउटस्टँडिंग’ असेल तर मालकाला पहिला प्रश्न तोच विचारायचा. पण हे पान स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका हं, कारण सप्लायरची उधारी, टॅक्सची चौकशी, कर्मचाऱ्यांची भांडणं यातलं काहीच तिथे दिसत नाही, ते कागद मालकाकडूनच मागून घ्यावे लागतात आणि तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्यातच काय ते समजा.

आणखी एक, बहुतेक लोक हे बघतच नाहीत. ऑफिसचा भाडेकरार आणि मोठ्या गिऱ्हाइकांची काँट्रॅक्ट्स स्वतः वाचा. बऱ्याच काँट्रॅक्टमध्ये मालकी बदलली तर समोरच्याला करार मोडता येईल असं कलम असतं. तुम्ही ज्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर कंपनीची किंमत मोजताय तोच सौद्यानंतर हात वर करून मोकळा झाला तर? त्याची लेखी संमती सहीच्या आधी घ्या. बँक अकाउंटचंही तसंच, ते कंपनीचं असतं हे बरोबर, पण नवीन मालक आला की बँक सगळी कागदपत्रं नव्याने मागते आणि पटलं नाही तर अकाउंट बंद करू शकते. आणि कंपनी घेतली म्हणून व्हिसा मिळत नाही, तिथे जाऊन काम करायचं तर ते प्रकरण पूर्ण वेगळं.

खरेदी करारात मालकाकडून लेखी हमी घ्या की दाखवलेल्याशिवाय दुसरं देणं नाही, जुना टॅक्स निघाला तर तो भरेल असं कलम घाला, आणि थोडे पैसे वर्षभर एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यात, अडकवून ठेवा. पैसे हातात नसले तर हमी वसूल करायला दुसऱ्या देशात कोर्टात जावं लागतं, त्यात दमछाक होते.

कंपनी न घेता फक्त धंदा, म्हणजे गिऱ्हाइकं, सामान, नाव एवढंच घ्यायचा पर्यायही आहे. जुनी देणी बऱ्यापैकी मागे राहतात, पण ब्रिटनमध्ये २००६ च्या ट्युपी नियमांमुळे कर्मचारी आहेत त्या पगारावर, जुन्या नोकरीच्या हक्कांसकट तुमच्याकडे येतात. एवढी छोटी कंपनी असेल तर मी आधी याच मार्गाने बोलणी करून बघेन.

प्रश्न: जर्मनीतल्या जीएमबीएचमधला (तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी) माझा हिस्सा पार्टनरला विकायचाय. ईमेलवर सगळं ठरलंय, पैसेही यायला लागलेत. झालं ना?

उत्तर: नाही झालं. जर्मनीत जीएमबीएचचा हिस्सा विकायला नोटरी सक्तीचा आहे, त्याच्याशिवाय हिस्सा कायद्याने तुमच्याच नावावर राहतो. नोटरी तिथे अख्खा दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवतो, एखादं पान गाळत नाही, त्यामुळे वेळ काढूनच जा, आणि जर्मन नीट कळत नसेल तर दुभाषा लागेल हे आधी सांगा. जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र देता येतं, ते कसं हवं, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागेल का, हे त्याच नोटरीला विचारा. नंतर तोच शेअरहोल्डरांची नवी यादी हांडेल्सरजिस्टरला, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदवहीला, पाठवतो, ती तिथे दिसेपर्यंत कंपनीच्या दृष्टीने शेअरहोल्डर तुम्हीच. विकायला कंपनीची संमती लागते असं कंपनीच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलंय का तेही बघून घ्या. आणि कंपनीच्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक जामीन असाल तर हिस्सा विकून ती जामीनकी सुटत नाही, बँकेकडून लेखी सुटका घ्या, ती हातात येईपर्यंत नोटरीकडे सही करू नका.

प्रश्न: तोट्यातली कंपनी स्वस्तात घेतली तर तिचा तोटा आपल्या नफ्यातून वजा करून टॅक्स वाचतो म्हणतात?

उत्तर: सांगणाऱ्याला विचारा कुठल्या देशात. जर्मनीत पाच वर्षांत ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच घेणाऱ्याकडे गेला की जुना तोटा सहसा बुडतो, अमेरिकेत टॅक्स कायद्यातल्या सेक्शन ३८२ मुळे दरवर्षी त्यातला किती वापरायचा यावर मर्यादा येते. अपवाद आहेत, पण ते तिथल्या टॅक्स सल्लागाराकडून लेखी घेतल्याशिवाय त्या तोट्यापोटी एक पैसाही जास्त मोजू नका.