बाजारच्या तीन, घरच्या सहा

प्रश्न : ताई, घरी सहा गावठी कोंबड्या नि एक कोंबडा आहे. बाजारातून अंड्यावरच्या आणखी तीन आणल्या नि अंगणात सोडल्या. जुन्यांनी एकीचा तुरा रक्ताळला. काय करू?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : बाई, आधी त्या तिघींना उचल आणि लांब ठेव, गोठ्यापलीकडे. भांडणाचं नंतर बघू. बाजारातली कोंबडी मानमोडी, म्हणजे राणीखेतचा रोग, घेऊन आली तर खुराडं रिकामं होतं. माझं एकदा झालंय. तीन-चार आठवडे दाणापाणी वेगळं ठेव, आणि आधी घरच्यांना घाल, मग त्यांना. मानमोडीची लस गुरांच्या दवाखान्यात विचार. पण घरच्या सहा त्यांच्यात मिसळल्याच आहेत, त्यांच्यावरही नजर ठेव. कुणी मान वाकडी केली, हिरवट हगली तर लगेच डॉक्टरांना दाखव.

मग मधे जाळी लाव. माझ्याकडे पऱ्हाट्यांचा कूड होता, तोही चालला. आठवडाभर एकमेकींना नुसतं बघू दे. नंतर अंधार पडल्यावर तिघींनाही एकदम दांडीवर बसव, एकेकीला नको. उजाडायच्या आत तू तिथं हजर पाहिजेस!

टोचाटोची होईलच, कोण वरचढ ते त्यांना ठरवायचं असतं. दाण्याची नि पाण्याची भांडी मात्र दोन-तीन जागी ठेव. आपल्याकडच्या वैशाखात पाण्यावरून हाकललेली कोंबडी दुपार काढत नाही. रक्त दिसलं की तिला बाजूला घे, हळद लाव. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात.

आणि कोंबड्याची काळजी सोड, तो खुशीतच असेल.