कोल्हापुरात राहून ख्रिस्ती माणसानं रोजच्या जगण्यात आपला विश्वास इतरांपर्यंत कसा पोचवावा?
पत्रकं वाटण्याआधी शेजार सांभाळा. गल्लीतलं कुणी सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) ॲडमिट असेल तर भाकरी-आमटीचा डबा न्या, एखादी रात्र तिथं थांबा. निघताना 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' एवढंच विचारा. नको म्हणाले तर विषय तिथंच सोडा. डबा मात्र दुसऱ्या दिवशीही न्या. (नाही तर डब्यामागचा हिशेब लोकांना लगेच कळतो.)

नाताळला करंज्या द्या, वायल्डर मेमोरियल चर्चला उपासनेला या म्हणा. कुणी आपणहून विचारलं तर स्वतःचा अनुभव सांगा, त्यांच्या देवाला नावं ठेवू नका. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) उत्तर सौम्यतेनं द्यायलाच सांगितलंय. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रचाराचा हक्क देतं. आमिष आणि दबाव त्यात बसत नाहीत.